शाळा मध्येच सुटली, आता कामाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत मी कामगारांना शिकवते. शिकलेले-न शिकलेले, नवे-जुने सगळेच माझ्यासमोर बसतात. त्यांच्याकडून, त्यांच्या आईवडिलांकडून आणि एचआरमधल्या लोकांकडून वर्षानुवर्षं जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. फॉर्मच्या तारखा आणि फी दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या संबंधित मंडळाच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात.

१. शिक्षणात खंड म्हणजे नेमकं काय? माझी दोन वर्षं वाया गेली, पण नंतर मी दहावी पास झालो.

मग कागदावर तरी तुमचा खंड राहिलेला नाही. वर्ष बुडणं वेगळं आणि पाया कच्चा राहणं वेगळं. वर्ष बुडालं की वय वाढतं, बाकी काही बिघडत नाही. पाया कच्चा राहिला तर हातात दाखला असूनही कामावर अडतं. कोणी 'माझा गॅप आहे' म्हणालं की मी आधी विचारते, कागद अडलाय की काम अडलंय? दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत. कागदासाठी प्रश्न ७ ते ९ पाहा, कामासाठी प्रश्न ५ आणि १२.

२. आता तर गावोगावी शाळा आहे. मग खंड पडतो कशामुळे?

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. मुलाचं नाव गावच्या हजेरीपटावर असतं आणि मूल फडात असतं. जूनमध्ये ते परत वर्गात बसतं आणि दिवाळीला पुन्हा उठतं. त्यामुळे दरवर्षी त्याच्या हातून पुस्तकाचा उत्तरार्धच निसटतो. चौथीचा, पाचवीचा, सहावीचा, प्रत्येक वेळी तोच. अशी तरुण मुलं कामावर येतात तेव्हा त्यांना बेरीज-वजाबाकी पक्की येते, पण भागाकार, अपूर्णांक, शेकडेवारी यांपैकी काहीच धड येत नाही. 'डोकं नाही' असा शिक्का बसतो, आणि तो बसवणाऱ्याला या वेळापत्रकाचा पत्ताही नसतो. साखरशाळा (ऊसतोड मुलांसाठी कारखान्याजवळची शाळा), हंगामी वसतिगृहं, शिक्षण हमी पत्रक (जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून मुलाला दिलेला कागद) असे उपाय राज्याने केले आहेत. ते जिथे नीट चालतात तिथली मुलं लगेच ओळखू येतात.

बाकी कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. वीटभट्टी, घरातलं आजारपण, गावातली शाळा सातवीला संपणं आणि पुढची शाळा लांब म्हणून मुलीला घरी बसवणं, लवकर लग्न.

३. मुलगा कागदावर आठवी पास आहे, पण त्याला धड वाचता येत नाही. असं होतंच कसं?

होतं, आणि त्यात मुलाचा दोष कमी असतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचं नाही, अशी तरतूद होती. हेतू चांगला होता, मूल नापास होऊन शाळा सोडू नये. पण वर्गात मागे पडलेल्याकडे जे लक्ष द्यायला हवं होतं, ते सगळीकडे दिलं गेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन, पुन्हा संधी देऊन, गरज पडल्यास मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली.

'असर' या शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना तपासलं होतं. त्यांतले ८६.८ टक्के कुठे ना कुठे शिकत होते. तरीही सुमारे २५ टक्के जणांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचं गणित ४३.३ टक्के जणांनाच जमलं. म्हणजे शाळेत असूनही खंड पडतो.

४. मी २०२१ चा दहावी पास. मुलाखतीत 'कोरोना बॅच' म्हणतात. याला काय उत्तर देऊ?

तुमचं प्रमाणपत्र पूर्ण वैध आहे, हे पहिलं. मार्च २०२० च्या परीक्षेत भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला. २०२१ ला परीक्षाच झाली नाही, नववीचे गुण आणि दहावीतलं अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लावला आणि तो ९९.९५ टक्के लागला. तो निर्णय तुमचा नव्हता, त्यामुळे खाली मान घालायचं कारण नाही.

मात्र घरात एकच मोबाइल आणि त्यावर तीन भावंडं अशी तुमची नववी-दहावी गेली असेल, तर बीजगणित-भूमितीत भोकं राहिलेली असणार. सांगायचं ते असं: "परीक्षा झाली नव्हती, म्हणून मी नंतर अमुक विषय स्वतः पक्का केला. हवं तर तपासून बघा." मात्र हे खरं करून मगच सांगा. नववी-दहावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

५. कामावर नेमकं कुठे अडतं? हाताने काम येत असेल तर पुस्तकाची गरज काय?

एक प्रसंग सांगते. लेथवरचा एक ऑपरेटर, हात इतका बसलेला की जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, नुसता बोटांनी चाचपून फिनिश सांगायचा. ड्रॉइंगवर व्यास होता २५.०० आणि वरची मर्यादा २५.०५. माप घ्यायच्या जुन्या व्हर्निअरऐवजी नवा डिजिटल आला आणि त्याच्या पडद्यावर २५.५ दिसलं. 'पॉइंट पाच'च आहे ना, म्हणून त्याने जॉब पास केला. एक अख्खा ट्रे रिजेक्ट झाला. सगळे म्हणाले निष्काळजीपणा. मी त्याच्या शेजारी बसले तेव्हा कळलं की दशांश चिन्हानंतरचं शून्य त्याच्या लेखी काहीच नव्हतं. चिन्हाच्या उजवीकडे घरं असतात, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. त्या वर्षी तो शाळेत नव्हता.

मी खिशातली चिल्लर काढली. "२५ रुपये ५ पैसे आणि २५ रुपये ५० पैसे सारखे का?" तो हसला. पैशात त्याला कोणी फसवू शकत नव्हतं. मग २५.०५ म्हणजे पाच पैसे आणि २५.५ म्हणजे पन्नास पैसे, असं त्याच्याच वहीत लिहिलं. वीस मिनिटं लागली. पुढे त्याने स्वतःहून मायक्रोमीटर मागून घेतला.

अडतं ते अशाच चार-पाच ठिकाणी: दशांश आणि अपूर्णांक, शेकडेवारी, सूचना वाचून क्रमाने करणं, घडलं ते तीन-चार ओळींत लिहिणं, आणि साधा तक्ता वाचणं. हात बसलेला माणूस एवढ्यावरून मागे राहतो. ही संपूर्ण दहावी नव्हे, मोजके धडे आहेत.

६. बारा वर्षं मशीन चालवतोय. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा सुपरवायझर झाला, मी नाही. हे बरोबर आहे का?

राग येणं साहजिक आहे. पण सुपरवायझरच्या दिवसाकडे एकदा बघा. शिफ्ट रिपोर्ट, रिजेक्शनचं कारण लिहिणं, मेलला उत्तर, ऑडिटरसमोर कागद उघडणं. यांतलं काय तुम्हाला आज येतं आणि काय येत नाही, ते प्रामाणिकपणे लिहून काढा. येत नाही त्याची यादी छोटी निघाली तर वरिष्ठांकडे ती घेऊन जा आणि शिकायला वेळ मागा. यादी रिकामीच निघाली, तर अडसर फक्त कागदाचा आहे. मग प्रश्न ७ आणि ८ तुमच्यासाठी आहेत.

अनुभवाला प्रमाणपत्र मिळवून देणारी 'पूर्वकौशल्य मान्यता' नावाची सोयही पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आहे. तिने कौशल्याचा दाखला मिळतो, दहावीचा नाही. आणि किमान वेतनात कुशल, अर्धकुशल, अकुशल ही वर्गवारी कामावरून ठरते, शाळेच्या दाखल्यावरून नव्हे. कुशल काम करून अकुशलाचा पगार घेत असाल तर ती वेगळी तक्रार आहे आणि ती जरूर करा.

७. नोकरी सांभाळून दहावी कशी करू? १७ नंबर बरा की एनआयओएस?

१७ नंबरचा फॉर्म म्हणजे राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या देणं. पेपर तेच, प्रमाणपत्र तेच. ऑनलाइन अर्ज करायचा आणि दिलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेशी संबंध ठेवायचा. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. अभ्यासक्रम ओळखीचा आणि मराठीतून आहे, पण सगळे विषय पेलावे लागतात. एखाद-दोन राहिले तर पुरवणी परीक्षा असते.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं. विषय पाच, तेही आपण निवडायचे. परीक्षा वर्षातून दोनदा, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला हा सैलपणा फार उपयोगी पडतो. पूर्वी मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत तुम्ही काही विषयांत पास झाला असाल तर दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे घेता येतात. जुनी गुणपत्रिका फेकू नका.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. एनआयओएसमध्ये गणित टाळता येतं आणि बरेच जण टाळतात. पुढे फिटर, इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडला जायचं ठरलं की दहावीला गणित-विज्ञान होतं का, हे विचारतात आणि तिथे गाडी अडते. कारखान्यातच राहायचं असेल तर गणित घ्याच.

जवळ रात्रशाळा असेल तर माझं मत तिच्याच बाजूने आहे. मुंबईत गिरणीतले आणि कँटीनमधले कितीतरी पोरे रात्रशाळेतून पुढे गेले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हापासूनची ही वाट आहे. दिवसभराच्या कामानंतर एकट्याने पुस्तक उघडणं जड जातं, शेजारी आणखी चौघं असली की जमतं.

'घरबसल्या दहावी पास, अभ्यास नको' अशा जाहिरातींना पैसे देऊ नका. मंडळ मान्यताप्राप्त आहे का, हे आधी तपासा.

८. दहावी झाली नाही. आयटीआयला घेतात का?

काही ट्रेडला घेतात. वेल्डर, वायरमन, सुतारकाम यांसारख्या ट्रेडना आठवीची पात्रता चालते. फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियनला दहावी लागते. फारसं माहीत नसलेली गोष्ट अशी: आठवीनंतर आयटीआय केलेल्याला एनआयओएसकडून भाषेच्या पेपरसह दहावीची समकक्षता मिळवता येते. आठवीनंतर थेट हातात काम हवं असलेल्या मुलाला मी आधी हीच वाट सुचवते. प्रवेशाआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका संस्थेत जाऊन बघा.

९. अप्रेंटिसला तरी दहावी लागतेच ना?

नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याखालच्या नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्यांचाही गट आहे आणि त्यांना विद्यावेतन ठरवून दिलेलं आहे. वय किमान १४, धोकादायक उद्योगांत १८. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. करारावर सही झाली का आणि त्याची सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंद आहे का, हे बघा. नोंद नसेल तर ती नुसती स्वस्तातली हेल्परकी आहे.

१०. मुलगा पंधराचा आहे. 'शाळा नको, कामाला जातो' म्हणतो. पाठवू का?

चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. १४ ते १८ मधल्यांना खाणी, स्फोटक-ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रियांवर ठेवता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीपासून कायदा असा आहे. कायद्यापलीकडे माझं म्हणणं एवढंच: 'शाळा नको' म्हणणारं मूल बहुतेक वेळा 'मला वर्गात काही कळत नाही आणि लाज वाटते' असं सांगत असतं. त्याला सातवीचं गणित द्या. ते अडलं तर पाचवीचं. जिथे जमायला लागतं तिथून महिनाभर शिकवणी लावा आणि मग पुन्हा विचारा. तरीही हातकामाचीच ओढ असेल तर प्रश्न ८ आणि ९ मधल्या वाटा आहेत.

सहा ते चौदा वयाच्या मुलाची शाळा मध्येच सुटली असेल, तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्याला वयानुसार वर्गात घ्यावंच लागतं आणि विशेष प्रशिक्षणही द्यावं लागतं. चौदा उलटले तरी ते प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत चालू राहतं. 'आता वय गेलं' असं म्हणून मुख्याध्यापक परत पाठवू शकत नाहीत.

११. आम्ही एचआरमध्ये आहोत. भरतीला दहावीची अट ठेवावी का?

त्या कामाला दहावीतलं नेमकं काय लागतं ते सांगता येत असेल तर ठेवा. पॅकिंग, लोडिंग, असेंब्लीच्या कितीतरी जागांना ते सांगता येत नाही. प्रश्न ३ मधली आकडेवारी बघितली की अट ठेवूनही हवं ते मिळेलच, याची खात्री राहत नाही.

त्यापेक्षा वीस मिनिटांची चाचणी घ्या. सुरक्षेची अर्धा पान सूचना वाचून सांगणं, तीन ओळी लिहिणं, एक भागाकार, एक शेकडेवारी, व्हर्निअरवरचं एक माप. आणि कमी पडलेल्याला घरी पाठवण्यासाठी ती वापरू नका, कुठून शिकवायचं हे ठरवण्यासाठी वापरा. निकाल नोटीस बोर्डावर लावू नका.

१२. ट्रेनिंग देतो, सगळे सह्या करतात, पण दुसऱ्या दिवशी परिस्थिती जैसे थे. का?

तुमची स्लाइड इंग्रजीत असते, वर्ग तिसऱ्या शिफ्टनंतर असतो आणि 'समजलं का?' विचारल्यावर चाळीस जण 'हो सर' म्हणतात. ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याने 'नाही' म्हणायचं कधीच सोडून दिलेलं असतं.

मराठीत शिकवा, आणि गटात हिंदी बोलणारे असतील तर हिंदीतही. मशीनजवळ शिकवा. एका वेळी आठ-दहा माणसं, एकच मुद्दा, पंधरा मिनिटं. नंतर विचारू नका, करून दाखवायला सांगा. ड्रॉइंगचा मोठा छापील कागद ठेवा, त्यावर बोट ठेवता येतं. आणि हा वेळ ड्यूटीत धरा. बस चुकवून शिकायला थांबलेल्या माणसाचं लक्ष घड्याळाकडेच असतं.

१३. आमच्या सेक्शनमधल्या ताईंना वाचता येत नाही असं वाटतं, पण त्या कबूल करत नाहीत. कसं बोलावं?

'चष्मा घरी राहिला', 'तूच भर गं माझा फॉर्म, माझं अक्षर वाईट', 'सही कुठे करू तेवढं दाखव'. ही वाक्यं वारंवार ऐकू आली तर तुमचा अंदाज बहुधा बरोबर आहे. त्यांना गाठू नका, कबुलीजबाबाची गरज नाही. एका ताईंना मी एवढंच म्हटलं होतं, "लेबलवरचे पार्ट नंबर मी रोज चहाच्या सुट्टीत दोन-दोन सांगणार आहे, बसता का सोबत?" त्या बसल्या. आधी पार्ट नंबर, मग स्वतःचं नाव, मग मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी. वाचता येत नाही हा शब्द आमच्यात आजवर निघालेला नाही.

१४. अर्जात मधली वर्षं रिकामी दिसतात. 'गॅप सर्टिफिकेट' म्हणजे काय?

त्या काळात तुम्ही कुठे शिकत नव्हता, याचं ते स्वतःचं प्रतिज्ञापत्र असतं. कॉलेज प्रवेशाला बहुतेक वेळा मागतात, कंपन्या क्वचित. मुलाखतीत कारण एका वाक्यात सांगा: वडील आजारी होते, शेती मी बघितली. त्या काळात केलेलं काम हाही अनुभव आहे, तो लिहा. खोटी शाळा, खोटं वर्ष कधीही लिहू नका. पडताळणीत ते सापडतं आणि खंडामुळे न गेलेली नोकरी खोटेपणामुळे जाते.

१५. आखातात काम मिळतंय, पण दहावी नाही. अडचण येईल का?

येईल, पण दार बंद नाही. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर, म्हणजे 'परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी आवश्यक', अशी नोंद असते. सौदी, यूएई, कतारसह १८ ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्यांना सरकारची उत्प्रवासन मंजुरी (देशाबाहेर कामाला जाण्याची परवानगी) घ्यावी लागते. ही तपासणी तुमच्या संरक्षणासाठी आहे. ती टाळून व्हिजिट व्हिसावर पाठवणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका, नोंदणीकृत एजंटाकडेच जा. दहावी झाल्यावर पासपोर्ट बदलून घेता येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी जणांनी फक्त यासाठी तिशीत दहावी केली आहे.

१६. टेम्पोच्या लायसनला आठवी पास लागतं ना?

आता लागत नाही. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठीची आठवीची अट २०१९ मध्ये केंद्राने काढली. कोणी अजून दाखला मागून पैसे उकळत असेल तर देऊ नका.

१७. आधारवर जन्मतारीख एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. पीएफ अडकलाय.

शाळा लवकर सुटलेल्यांत हा घोळ फार आढळतो, कारण आधार काढताना अंदाजे तारीख सांगितलेली असते. जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार चालणार नाही, असं भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका चालते. आधी आधारवरची तारीख दाखल्याप्रमाणे दुरुस्त करा, मग पीएफची. निवृत्तीची वाट बघू नका, नोकरीत असतानाच करून घ्या.

१८. दाखलाच नाही. गावची शाळा बंद पडली. आता?

शाळा बंद झाली तरी तिचं जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींचं पुस्तक, कुठेतरी जमा केलेलं असतं, बहुधा जवळच्या शाळेत किंवा शिक्षण विभागाकडे. ग्रामीण भागात पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागात. जाताना शाळेचं नाव, अंदाजे वर्ष आणि बरोबरच्या एखाद्या वर्गमित्राचं नाव घेऊन जा, पान शोधायला सोपं पडतं. नोंद सापडली की निर्गम उतारा, म्हणजे त्या नोंदीची प्रत, मागा. दाखला हरवलेला असेल तर प्रतिज्ञापत्रावर दुसरी प्रत मिळते. आणि उतारा हातात पडला की तिथेच टेबलाशी उभं राहून नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि कितवीतून शाळा सोडली ते वाचून घ्या. चूक असेल तर त्याच दिवशी अर्ज द्या.